खोलू नकोस, चालती ठेव

पत्र: काका, नमस्कार. मला ‘तू’च म्हणा. मी मूळची मिरजेची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, सहा वर्षं स्वीडनमध्ये योतेबोरीला आहे. जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी गाडी चालवणं सोडलं आणि त्यांची १९९० सालची व्होल्वो २४० स्टेशन वॅगन मी १८,००० क्रोनरला घेतली. इंजिन छान आहे. पण किलोमीटरचे आकडे ३,१२,४०६ वर थांबलेत. मागचा वायपर आणि मागची काच तापवणारी जाळी बंद आहे. खड्ड्यातून गेलं की मागून ‘ठक्’ असा आवाज येतो. पुढे उजव्या बाजूचं कार्पेट सतत ओलं असतं. आणि दोनदा गाडी भर रस्त्यात बंद पडली, मग अर्ध्या तासाने काही न करता सुरू झाली. मी हिवाळ्यासाठी एक गॅरेज भाड्याने घेतलंय. ऑक्टोबरात गाडी पूर्ण खोलायची, एकेक भाग साफ करायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नव्यासारखी बाहेर काढायची, असा बेत आहे. नवरा म्हणतो, हे खूळ पैसेही खाणार आणि रविवारही. मुलगी चार वर्षांची आहे. मिरजेला बाबांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं, पण त्यांनी मला कधी पान्याला हात लावू दिला नाही. ‘तू अभ्यास कर’ म्हणायचे. आता हात शिवशिवतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

पोरी, ते गॅरेज सोडू नकोस. बेत मात्र सोड.

गाडी पूर्ण खोलायची नाही. ऑक्टोबरात नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. तू लिहिलेली पाचही दुखणी मी दोनदा वाचली. त्यांतल्या एकासाठीही गाडी पूर्ण खोलावी लागत नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. १९९३ च्या हिवाळ्यात मी एक १४५ घेतली होती, तुझ्या गाडीची आधीची पिढी. इंजिन सुरू होत होतं, ब्रेक लागत होते, पत्रा मात्र जागोजागी गंजाने खाल्ला होता. मला वाटलं, एकदाच काय ते नीट करू. चार महिन्यांत मी तिचा सांगाडा केला. नटबोल्ट जॅमच्या बरण्यांत भरले, पण बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या नाहीत, कारण तेव्हा सगळं डोक्यात होतं. मग माझ्या कामाच्या पाळ्या बदलल्या, धाकटा झाला, आणि ती गाडी कुंगेल्वजवळच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात सहा वर्षं तशीच उभी राहिली. सहा वर्षांनी बरण्या उघडल्या तेव्हा कुठला बोल्ट कुठे लागतो हे एकाचंही सांगता येईना. ब्रेकचे पिस्टन जागच्या जागी धरले होते, दारांची रबरं वाळून तडकली होती, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. चालती गाडी मी स्वतःच्या हातांनी मारली. भंगारवाला ती उचलून घेऊन गेला तो दिवस तुझं पत्र वाचताना पहिला आठवला.

चालती गाडी आपलं दुखणं सांगत असते. आवाज बदलतो, वास येतो, काटा रोजच्यापेक्षा वर चढतो, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते. खोलून ठेवलेले भाग काहीच सांगत नाहीत. ते नुसते पडून असतात आणि रोज तुझ्याकडे बघतात. म्हणून माझा एकच नियम लक्षात ठेव: शनिवारी सकाळी काढलेलं काम शनिवारी संध्याकाळी गाडी घरी चालवत आणून संपलं पाहिजे. काम मोठं असेल तर शनिवार-रविवार मिळून. नवा सुटा भाग हातात आल्याशिवाय जुना काढायचा नाही. आणि एका वेळी एकच काम, कारण तीन गोष्टी एकदम बदलल्यास आणि गाडी बिघडली, तर तिघांतली कुठली चुकली हे शोधण्यात महिना जातो.

आता तुझ्या गाडीबद्दल. घेतलीस ती चांगली घेतलीस, हे नवऱ्यालाही वाचून दाखव. २४० ही मालिका १९७४ मध्ये आली आणि शेवटची गाडी ५ मे १९९३ ला बनली. मधल्या काळात २८ लाखांहून जास्त बनल्या. म्हणूनच आजही तिचे बहुतेक सुटे भाग नवे मिळतात, आणि जे नवे मिळत नाहीत ते मोडीत निघालेल्या गाड्यांतून मिळतात. लिडशपिंगला जुन्या व्होल्वोच्या भागांचं मोठं दुकान आहे, ते घरपोच पाठवतात. जुन्या गाडीचा छंद परवडतो की नाही हे गाडीच्या किमतीवर ठरत नाही, भागांच्या पुरवठ्यावर ठरतं. १९९२ मध्ये पुण्याहून आलेली टाटा इस्टेट तुला आठवत असेल, लांबलचक, मागे सगळं बिऱ्हाड मावायचं. माझ्या एका मित्राने ती जपली आहे. एका काचेच्या रबरासाठी तो दोन वर्षं जुन्या बाजारात फिरला, कारण इस्टेट बनल्याच थोड्या. ती तपश्चर्या वेगळी. तुझ्या वाट्याला ती आलेली नाही.

एक गंमतही सांगतो. आजोबा तिला नुसती २४० म्हणत नसतील, २४५ म्हणत असतील. पूर्वी आकड्यांना अर्थ होता: पहिला दोन म्हणजे मालिका, मधला चार म्हणजे सिलिंडर, शेवटचा पाच म्हणजे दारं. मागचं मोठं दार पाचवं. १९८३ च्या मॉडेलपासून मागे नुसतं २४० लिहायला लागले, पण जुनी माणसं अजून २४५ च म्हणतात. आणि स्टेशन वॅगनला स्वीडिश लोक ‘हेरगोर्ड्सवाग्न’ म्हणतात, म्हणजे वाड्याची गाडी. आपल्या इस्टेटचा अर्थही तोच. मला हा शब्द फार आवडतो.

आता कामं. पण त्याआधी एक अट, आणि ती मोडलीस तर मला पत्र लिहू नकोस. गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली कधीही जायचं नाही. तो जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता आहे. चांगला ट्रॉली जॅक घे, चार लोखंडी स्टँड घे, गाडी स्टँडवर टेकव, दोन्ही हातांनी जोरात हलवून बघ, मग खाली शिर. गॅरेजात एकटी असशील तर घरी सांगून जा.

कार्पेट. तू हे चौथ्या क्रमांकावर लिहिलंस. माझ्या लेखी ते पहिलं आहे. या गाडीचं इंजिन सहसा मरत नाही, पत्रा मरतो. इंजिन बदलता येतं, टपाचं आणि तळाचं लोखंड एकदा गेलं की गाडी गेली. या शनिवारी उजवी सीट काढ, चार बोल्ट आहेत. दाराखालची पट्टी काढून कार्पेट उलट. त्याच्याखाली डांबरी थर असतो, तो जिथे फुगलाय किंवा सुटलाय तिथे खरवडून काढ. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला पत्रा भदभद वाजतो. कान लगेच सरावतो.

पाणी कुठून येतंय हे त्याच वेळी ठरव. पांढरा कागदी रुमाल ओल्या जागेवर दाब. पाणी स्वच्छ आणि नुसता ओला वास असेल तर ते पावसाचं आहे: पुढच्या काचेच्या कडेने येतं, किंवा काचेपुढच्या जाळीखाली पाला साचून निचरा तुंबला असेल. जाळीखालचा पाला हाताने काढ, वर झारीने पाणी ओत आणि आत कोणालातरी टॉर्च घेऊन बसव. कागद निळसर-हिरवट झाला, बोटाला बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला आणि थंडीत काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल, तर ते इंजिनचं थंडाव्याचं पाणी आहे आणि हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याचा व्हॉल्व्ह गळतोय. ते काम मोठं आहे, त्याबद्दल शेवटी.

भोक सापडलं तर त्यावर फायबरचं ठिगळ चिकटवू नकोस. सरकारी तपासणीत ते चालत नाही, आणि चालायलाही नको. खराब भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, आणि हे काम तू पहिल्या वर्षी स्वतः करू नयेस असं मला वाटतं. वेल्डरकडे दे, पण शेजारी उभी राहून बघ. कार्पेट काढलेलंच आहे तर वॅगनच्या बाकीच्या नेहमीच्या जागाही बघून घे: मागच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा, स्टेपनीचा खड्डा, मागच्या दाराची खालची कड. मागच्या बाजूच्या लांब काचांच्या रबरातून पाणी आत उतरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साठतं. बाहेरून गाडी चकचकीत दिसत असताना तिथे तळं झालेलं असतं.

रस्त्यात बंद पडणं. हे कार्पेटच्या आठवड्यातच कर. तोवर मुलीला या गाडीत बसवू नकोस आणि हायवेला जाऊ नकोस. गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू, हे लक्षण या गाडीत बहुतेक वेळा दोघांपैकी एकाचं असतं.

पहिला संशयित पेट्रोल पंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज देणारा स्विच, डॅशबोर्डखाली बसवलेला. त्याच्या आतल्या सर्किटवरचा डाख वर्षानुवर्षं तापून-गारठून तडकतो. गरम झालं की फट रुंदावते आणि पंप थांबतो. तू इलेक्ट्रॉनिक्सची आहेस, हे काम तुझंच. रिले उघड, भिंगातून बघ, पायांभोवती बारीक गोल तडा दिसेल. जुना डाख शोषून घे, नवा दे. अर्ध्या तासाचं काम. तरीही एक नवा रिले घेऊन हातमोज्यांच्या कप्प्यात ठेव.

दुसरा संशयित क्रँकचा सेन्सर, इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा. तो इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्स जोडलाय तिथे वरून बसतो. त्याच्या वायरचं आवरण उष्णतेने कडक होऊन भुगा होतं. दोघांतला फरक असा ओळख: गाडी बंद पडली की लगेच किल्ली फिरवून कान दे. मागून पंपाचा क्षणभर ‘हूं’ असा आवाज आला तर रिले बहुधा ठीक आहे. मग स्टार्टर मारताना इंजिनच्या फेऱ्यांचा काटा बघ. तो अजिबात थरथरला नाही तर सेन्सरवर संशय घे.

तुझ्या सालच्या गाडीत बहुधा आणखी एक सोय असेल. बोनेटखाली झाकणाची एक छोटी काळी डबी, तिच्यात एक वायर, एक बटण आणि लाल दिवा. वायर दोन नंबरच्या भोकात घाल, किल्ली चालू कर, बटण सेकंदभर दाब. दिवा लुकलुकून तीन आकडी संकेत देतो. एक-एक-एक म्हणजे दोष नाही. सहा नंबरचं भोक इग्निशनचं. १९९० सालच्या गाडीने स्वतःची तक्रार स्वतः सांगावी याचं मला आजही कौतुक वाटतं.

मागचं दार. वायपर आणि जाळी दोन्ही बंद, म्हणजे मोटारही गेली नाही आणि जाळीही. वायरी तुटल्या आहेत. छतातून मागच्या दारात जाणारा वायरींचा जुडगा बिजागरीपाशी दर वेळी वाकतो. पस्तीस वर्षं दार उघडबंद झालं आणि इथल्या थंडीत प्लास्टिक कडक झालं, की एकेक तार आतून तुटते. बाहेरून आवरण धड दिसतं, म्हणून लोक मोटारी बदलत बसतात. जुडगा बाहेर ओढ, प्रत्येक तार हळूच ताण. जी रबरासारखी लांबते ती आत तुटलेली. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना वीतभर सोडून सिलिकॉनच्या मऊ आवरणाची नवी तार जोड. जोड बिजागरीपाशी येऊ देऊ नकोस, नाहीतर तो डाखही वाकून तुटेल. पहिला आत्मविश्वास येण्यासाठी यासारखं काम नाही. संध्याकाळी वायपर फिरायला लागतो तेव्हा मुलीला बटण दाबायला सांग.

किलोमीटरचे आकडे: स्पीडोमीटरमागे एक इवलंसं प्लास्टिकचं दातेरी चक्र आहे, ते या सालच्या गाड्यांत भुगा होतं. नवं मिळतं. पण काम करेपर्यंत वहीत पेट्रोल भरल्याची नोंद ठेव, कारण तेल आणि पट्टा कधी बदलायचे हे किलोमीटरवर ठरतं, आणि गाडी ३,१२,४०६ च्या पुढे किती चालली हे आज कोणालाच माहीत नाही.

त्यामुळे टायमिंगचा पट्टा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करवणारा, बदललेला नाहीच असं धर आणि बदल. त्याची मुदत ८०,००० किलोमीटर. तुझ्या इंजिनचा चांगुलपणा असा की पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी जागेवर उभी राहते, इंजिन वाचतं. कित्येक नव्या गाड्यांत याच चुकीची शिक्षा अख्खं इंजिन असते. पट्ट्यासोबत त्याचा ताणणारा रोलर आणि पुढची तेलाची सीलं बदल. वॉटर पंपाचा दांडा हाताने हलवून बघ, हलला तर तोही.

तेल गळत असेल तर सील बदलायची घाई करू नकोस. इंजिन चालू ठेव, तेल भरायचं झाकण काढ आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा ओढून बसव. मोजा फुगला तर इंजिनातला दाब बाहेर पडायला वाट नाही, तो तेल सीलांतून ढकलतोय. इंजिनच्या बाजूला मॅनिफोल्डखाली तेल-वाफ वेगळी करणारी काळी डबी आहे, ती आणि तिच्या नळ्या काजळीने बुजतात. साफ करण्यापेक्षा नवीच घाल. ही डबी बुजलेली असताना लोक गिअरबॉक्स उतरवून मागचं मोठं सील बदलतात, आणि दोन महिन्यांत ते पुन्हा गळतं.

ठक् आवाज. मागच्या धुऱ्याला गाडीशी धरून ठेवणाऱ्या दांड्यांची रबरी बुशं गेली असणार. आडवी तिरकी दांडी आहे, तिची बुशं सोपी, दोन बोल्टचं काम. लांब दांड्यांची बुशं दाबून बसवावी लागतात, त्याला प्रेस हवी. त्यासाठी तासावर भाड्याने मिळणारी, लिफ्ट असलेली वर्कशॉपं आहेत, तिथे जा. बोल्ट सुटत नसतील तर आदल्या दोन रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेव. जोर करून बोल्ट मोडलास की तासाचं काम दिवसाचं होतं. आणि बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू दे. हवेत लटकत असताना आवळलेली बुशं पिळवटून लवकर फाटतात.

ब्रेकबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहितो. चारही चाकांना डिस्क आहेत आणि पाइपांची रचना विलक्षण आहे: दोन स्वतंत्र साखळ्या, आणि प्रत्येक साखळी पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक चाक धरते. एक साखळी फुटली तरी तीन चाकांना ब्रेक राहतो. म्हणूनच पुढच्या प्रत्येक कॅलिपरला दोन-दोन रबरी नळ्या दिसतील. या नळ्यांना वाकवून भेगा बघ. ब्रेकचं तेल हवेतली ओल ओढून घेतं, ते दर दोन वर्षांनी बदल. आजोबांनी कधी बदललं हे त्यांना विचार, नाहीतर लगेच बदल. पहिल्या वेळी कोणीतरी जाणतं माणूस शेजारी असू दे. लाज वाटून घेऊ नकोस, ब्रेक एकट्याने शिकायची गोष्ट नाही.

आता हिवाळा. तुझं गॅरेज खरं इथेच उपयोगी पडणार आहे. योतेबोरीच्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि हवा समुद्राकडची, ओली. मीठ तळाशी चिकटून महिनोन्महिने लोखंड खातं. माझी गाडी डिसेंबर ते मार्च बाहेर पडत नाही. वाहन खात्याकडे ती तेवढ्यापुरती ‘रस्त्यावर नाही’ अशी नोंदवायची, विम्याचा हप्ता कमी होतो. उभी करायच्या आधी तळ गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळू दे, मग पोकळ्यांमध्ये गंजरोधक मेण मार. इथले लोक टेक्टिल म्हणतात, डिनिट्रोलही चांगलं. ओल्या गंजावर मारलंस तर गंज आत झाकला जाईल आणि निवांत वाढेल. टाकी पूर्ण भर, टायरांत हवा थोडी जास्त ठेव, बॅटरी घरी आण. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नकोस. मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे वेगळे छोटे शू असतात, ते ओलीने चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकांना ठोकळे लाव.

त्या चार महिन्यांत बाहेर काढून टेबलावर करता येतील अशी कामं कर: स्पीडोमीटर, दाराची कुलुपं. गाडी मात्र कोणत्याही रविवारी बॅटरी लावून सुरू करता येईल अशीच राहिली पाहिजे.

नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही, पोरी. ते खोडून काढू नकोस, त्याला आकडे दे. वर्षाला किती क्रोनर हे दोघं बसून ठरवा आणि वही दोघांना दिसेल अशी ठेवा. गाडी तिसाहून जास्त वर्षांची झाली, त्यामुळे इथला वाहन कर माफ आहे. तपासणी मात्र पन्नास वर्षांची होईपर्यंत सुटत नाही, म्हणजे २०४० पर्यंत, आणि ती सुटू नये असंच मला वाटतं, कारण तुझ्या कामावर त्रयस्थाची नजर पडते. रविवारांचं म्हणशील तर शनिवारी दुपारी चारला पाने पुसून ठेवायचे. काम अर्धं राहिलं म्हणून जेवण अर्धं सोडायचं नाही. माझ्या घरी हे मला उशिरा कळलं. त्या सहा वर्षांत कोठारात नुसती गाडीच उभी नव्हती, घरातल्या बऱ्याच गोष्टीही तशाच उभ्या होत्या.

आणि बाबा. त्यांनी तुला पाना दिला नाही याचं दुःख तुझ्या पत्रात आहे, ते मी पुसून टाकणार नाही. पण तुझ्या इंजिनला व्हॉल्व्हचा गॅप हाताने जुळवावा लागतो. थंड इंजिनवर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, पोलादी पात्यांच्या फिलर गेजने मोजायचा. स्कूटरच्या पॉइंटचा गॅप त्यांनी आयुष्यभर याच गेजने लावला असणार. पातं ओढताना हाताला किती अडखळ लागली म्हणजे बरोबर, हे लिहून सांगता येत नाही, ज्याच्या हाताला माहीत आहे तोच सांगू शकतो. ते काम काढशील त्या दिवशी फोन इंजिनाशेजारी उभा कर आणि मिरजेला व्हिडिओ कॉल लाव. आधी इंजिन सुरू करून त्यांना टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा, आवाज ऐकू दे, मग थंड होऊ दे, मग गेज हातात घे आणि विचार. स्वीडनची गाडी आपल्याला काय कळणार, असं ते म्हणतील. आवाज ऐकल्यावर म्हणणार नाहीत.

पण ते नंतर. या शनिवारी फक्त सीट, कार्पेट आणि पांढरा कागद. दिवसाउजेडी फोटो काढ, पत्र्याचे आणि कागदाचेही. कागद निळसर निघाला तर त्याच दिवशी कळव आणि तोवर गाडी लांब नेऊ नकोस. हीटरच्या रेडिएटरसाठी मधला सगळा कन्सोल उतरवावा लागतो आणि त्यात डझनभर लपलेले स्क्रू आहेत. ते मी तुला क्रमाने लिहून पाठवीन, म्हणजे बरण्या लागणार नाहीत.